निवृत्तीच्या पैशावर कर लागला? आयकर खात्याशी वाद कसा सोडवायचा

दाजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "हे बघ, डिमांड शून्य आलीय. म्हणजे सगळं बरोबर ना?"

तारीख होती ३ जानेवारी २०२५. समोर आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्रातून आलेलं कलम १४३(१) चं इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून खात्यानं पाठवलेला हिशेब, उघडं होतं. डिमांड, म्हणजे खात्यानं मागितलेला जादा कर, खरंच शून्य होती. पण दाजींनी मागितलेला ३,२०,७३६ रुपयांचा रिफंडसुद्धा शून्य झाला होता. इंटिमेशनवरची तारीख ११ डिसेंबर २०२४. अपिलाला ३० दिवस मिळतात, त्यातले २३ संपले होते.

दाजी सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीतून ३१ ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाले. २४० दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती, तिचे १३,२८,००० रुपये मिळाले. कंपनीच्या पगाराच्या संगणकात रजा रोखीकरणाची करमाफी जुन्याच ३ लाखांवर अडकलेली. त्यामुळे उरलेल्या १०,२८,००० रुपयांवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापला गेला आणि फॉर्म सोळात, म्हणजे पगार आणि टीडीएसच्या कंपनीनं दिलेल्या दाखल्यातही, तसंच छापून आलं. दाजींनी रिटर्नमध्ये अख्खी रक्कम करमुक्त दाखवून रिफंड मागितला. खात्यानं आधी नोटीस पाठवून खुलासा विचारला होता, ३० दिवसांची मुदतही दिली होती. ती नोटीस गेली कंपनीच्या ईमेलवर, आणि तो ईमेल निवृत्तीच्या दिवशीच बंद झाला होता.

निवृत्तीच्या वर्षात असे वाद घरोघरी होतात. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम एकरकमी हातात येते आणि तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याचा करनियम वेगळा असतो. यातले बरेच वाद सुटतात, पण त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. आपला आकडा आधी स्वतः काढायचा, आणि मुदत संपण्याआधी योग्य दार ठोठवायचं. आम्ही ज्या क्रमानं गेलो त्याच क्रमानं सांगतो.

पहिलं काम: ईमेल, मोबाइल आणि इंटिमेशन

आयकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये कोणाचा ईमेल आणि मोबाइल आहे ते आजच बघा. बऱ्याच निवृत्तांच्या खात्यावर कंपनीचा, कर सल्लागाराचा नाहीतर कधीकाळी रिटर्न भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचा ईमेल सापडतो. तिथे स्वतःचा टाका. मग 'ई-प्रोसिडिंग्ज'मध्ये एखादी नोटीस उत्तराची वाट बघत पडली आहे का, तेही तपासा. खुलाशाची मुदत बाकी असेल तर तिथल्या तिथे कागद जोडून उत्तर द्या, पुढचा सगळा व्याप वाचतो.

इंटिमेशनच्या पीडीएफला पासवर्ड असतो: पॅन छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता. आत दोन रकाने दिसतील. एकात तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेले आकडे, दुसऱ्यात खात्यानं काढलेले. वरून खाली येत जा आणि दोन्ही आकडे जिथे पहिल्यांदा वेगळे होतात त्या ओळीवर थांबा. वाद तिथेच सुरू झालेला असतो. खालचे करमाफीचे, कराचे, व्याजाचे फरक त्याच्याच मागून आलेले असतात, त्यांच्यात गुंतून पडू नका.

दाजींच्या इंटिमेशनमध्ये ती ओळ होती पगारातल्या करमुक्त भत्त्यांची. १३,२८,००० च्या जागी ३,००,०००.

दुसरं काम: आपला आकडा कागदावर काढा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा असं सांगेन. "२५ लाखांपर्यंत माफ आहे, माझे तर १३ लाखच आहेत" एवढ्यावर लोक भांडायला निघतात. कायदा असं म्हणत नाही.

केंद्र किंवा राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी मिळालेलं रजा रोखीकरण पूर्ण करमुक्त असतं. बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे सरकारी बँका, सार्वजनिक कंपन्या आणि खासगी नोकरीवाल्यांसाठी, कलम १०(१०एए) चार आकडे काढायला लावतं आणि त्यातला सर्वांत लहान आकडा माफ करतं. ३ लाखांची मर्यादा २४ मे २०२३ च्या अधिसूचनेनं २५ लाख झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. चारपैकी ती फक्त एक.

दाजींचं गणित असं होतं. हातात आलेली रक्कम १३,२८,०००. निवृत्तीआधीच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराची दहापट १६,००,०००. शिल्लक रजेची त्या सरासरी पगारानं होणारी किंमत, म्हणजे २४० दिवसांचे आठ महिने गुणिले १,६०,०००, बरोबर १२,८०,०००. आणि वरची मर्यादा २५,००,०००. सर्वांत लहान १२,८०,०००.

म्हणजे ४८,००० रुपये खरोखरच करपात्र होते. कारण साधं आहे. कंपनीनं रजेचे पैसे शेवटच्या महिन्याच्या १,६६,००० पगारावर दिले, तर कायदा दहा महिन्यांची सरासरी धरतो. मधल्या काळात महागाई भत्ता वाढला होता, म्हणून सरासरी खाली राहिली. 'पगार' म्हणजे इथे मूळ वेतन आणि निवृत्तीलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता. घरभाडे, वाहनभत्ता वगैरे त्यात येत नाहीत. रजाही सेवेच्या प्रत्येक वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवसच धरली जाते. आधीच्या एखाद्या नोकरीतून निघताना ही माफी घेतली असेल तर ती रक्कम २५ लाखांतून वजा होते.

दाजींना हे पटायला एक चहा लागला. "मग मी चुकलोच की," ते म्हणाले. चूक ४८,००० ची, त्यावरचा कर ३० टक्के आणि ४ टक्के सेस धरून १४,९७६ रुपये. खात्यानं नाकारली होती १०,२८,००० ची माफी. आम्ही ठरवलं की मागायची ती १२,८०,००० चीच. न लागू होणारी रक्कम रेटून धरली की अधिकाऱ्याला पूर्ण अर्ज बाजूला ठेवायला निमित्त मिळतं. रिफंडचा आपला आकडा ठरला ३,०५,७६०, वर कलम २४४ए चं महिन्याला अर्धा टक्का व्याज.

बाकी लाभांचे नियमही इथेच सांगून टाकतो, कारण घोळ तिथेही होतात.

ग्रॅच्युइटी: सरकारी कर्मचारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारी यांना पूर्ण माफ. बाकीच्यांना सूत्रानुसार येणारी रक्कम, पण जास्तीत जास्त २० लाख. ग्रॅच्युइटी कायद्याखाली येणाऱ्यांचं सूत्र शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी १ जानेवारी २०२४ पासून २५ लाखांपर्यंत नेली, ती बातमी वाचून अनेक बिगरसरकारी निवृत्त करमाफीही २५ लाख धरतात. ते दोन वेगळे आकडे आहेत.

विकलेली पेन्शन, म्हणजे अंशराशीकरण: सरकारी, स्थानिक संस्था आणि वैधानिक महामंडळातल्यांना पूर्ण माफ. इतरांना ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर पूर्ण पेन्शनच्या किमतीचा एक तृतीयांश, नसेल तर अर्धा. इथे 'पूर्ण किंमत' या शब्दावर लक्ष द्या. ४० टक्के पेन्शन विकून १२ लाख मिळाले तर पूर्ण किंमत होते ३० लाख, तिचा तिसरा हिस्सा १० लाख माफ आणि २ लाख करपात्र. १२ लाखांचा तिसरा हिस्सा काढणारे कारकून मी पाहिले आहेत, त्यात निवृत्ताचे ६ लाख विनाकारण करात जातात.

महानगरपालिकेतून निवृत्त झालेल्यांनी एक बारकावा ओळखून ठेवावा. ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणाच्या कलमांत स्थानिक संस्थांचा उल्लेख आहे, रजा रोखीकरणाच्या पूर्ण माफीच्या कलमात नाही. तेव्हा "मी पण सरकारीच" हा मुद्दा रजेच्या बाबतीत चालेल असं धरून बसू नका. चार आकड्यांचं गणित मांडा. २५ लाखांची मर्यादा आल्यापासून बहुतेकांचं काम त्यातच भागतं.

या सगळ्या माफ्या नव्या करप्रणालीतही मिळतात. नवी प्रणाली घेतली म्हणून ग्रॅच्युइटीची माफी गेली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तिसरं काम: वादाची जात ओळखा

आता घोडं नेमकं कुठे अडलंय ते बघायचं. माझ्या अनुभवात तीन प्रकार आहेत.

रिटर्न भरतानाची चूक. राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्या बाई रिटर्नमध्ये नोकरीचा प्रकार 'इतर' निवडतात, मग संगणक त्यांना बिगरसरकारी धरून माफी कापतो. किंवा रजेची रक्कम योग्य कलमासमोर न लिहिता 'इतर करमुक्त' मध्ये टाकली जाते. कायद्यावर इथे दुमत नसतं, भरलेली माहिती दुरुस्त करायची असते. सुधारित रिटर्नची मुदत उलटली नसेल तर ते भरणं हा सगळ्यात सरळ उपाय.

मालकाची चूक. फॉर्म सोळा चुकीचा, टीडीएस जास्त, किंवा कापलेला टीडीएस २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या खात्याकडच्या नोंदीत, दिसतच नाही. दाजींचा प्रकार यातला. टीडीएस पगारातून कापल्याचा पुरावा असेल आणि मालकानं तो भरला नसेल, तर कलम २०५ प्रमाणे तेवढ्या रकमेची मागणी खात्याला तुमच्याकडे करता येत नाही. पगारपत्रकं म्हणूनच जपून ठेवायची.

कायद्याच्या अर्थाचा वाद. उदाहरणार्थ ३१ मार्च २०२३ ला निवृत्त झालेल्याला २५ लाखांची मर्यादा मिळावी का? असे प्रश्न दुरुस्ती अर्जावर सुटत नाहीत. दुरुस्ती म्हणजे कागदावर उघड दिसणारी चूक. ज्यावर दोन मतं शक्य आहेत ती उघड चूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये वोल्कार्ट ब्रदर्सच्या खटल्यात सांगितलं, आणि खातं आजही त्याच आधारावर अर्ज परत करतं. इथे थेट अपील.

चौथं काम: कागद

निवृत्तीचा आदेश. रजा रोखीकरणाचा हिशेब, त्यात शिल्लक दिवस लिहिलेले हवेत. शेवटच्या दहा महिन्यांची पगारपत्रकं, मूळ वेतन आणि महागाई भत्ता वेगवेगळा दिसणारी. फॉर्म सोळाचे दोन्ही भाग, २६एएस, एआयएस (तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची खात्याकडची माहिती), आणि रक्कम जमा झाल्याचं बँकेचं पान. आधी कुठे ही माफी घेतली नाही असं स्वतःच्या सहीचं निवेदन.

यांच्या जोडीला कंपनीचं पत्र मिळालं तर अर्ध काम झालंच म्हणा. आम्ही लेखा विभागाला हाताने नेऊन दिलेल्या अर्जातला मजकूर असा होता:

"मी दिनांक ३१.१०.२०२३ रोजी सेवानिवृत्त झालो. मला २४० दिवसांच्या अर्जित रजेचे रोखीकरण रु. १३,२८,००० मिळाले. दिनांक २४.०५.२०२३ च्या अधिसूचनेनुसार करमाफीची मर्यादा रु. २५ लाख असताना फॉर्म १६ मध्ये ती रु. ३ लाख धरली गेली आहे. सोबतच्या गणनेप्रमाणे करमुक्त रक्कम रु. १२,८०,००० होते. कृपया टीडीएस विवरणपत्र दुरुस्त करून सुधारित फॉर्म १६ द्यावा, आणि तोपर्यंत वरील बाबींचे प्रमाणपत्र द्यावे."

पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. कंपनीला विवरणपत्र दुरुस्त करायला महिने लागले, पण प्रमाणपत्र सहा दिवसांत मिळालं.

पाचवं काम: दुरुस्ती अर्ज, आणि त्याच वेळी अपिलाच्या तारखेवर नजर

कलम १५४ खाली दुरुस्तीसाठी आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षं मिळतात. हा आकडा ऐकून माणूस निवांत होतो आणि फसतो. दुरुस्ती अर्ज केल्यानं अपिलाचे ३० दिवस थांबत नाहीत. अर्ज आठ महिन्यांनी फेटाळला जातो आणि मूळ इंटिमेशनवर अपील करायची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. अर्ज फेटाळल्याच्या आदेशावर अपील होतं, पण तिथे चर्चा उघड चुकीपुरतीच राहते. म्हणून रक्कम मोठी असेल तर दोन्ही करा. अपिलात जो मुद्दा अजून ठरलेला नाही त्यावर दुरुस्ती करायला कायद्याची आडकाठी नाही.

पोर्टलवर 'रेक्टिफिकेशन' मध्ये पर्याय विचार करून निवडा. 'रिटर्न पुन्हा प्रोसेस करा' म्हटलं तर तोच संगणक तीच माहिती घेऊन तेच उत्तर देतो. टीडीएस न जुळण्याचा प्रश्न असेल तर त्याचा पर्याय वेगळा आहे, आणि रिटर्नमधली नोंद चुकली असेल तर माहिती दुरुस्तीचा. दाजींच्या प्रकरणात कागद माणसानं बघायला हवे होते, म्हणून आम्ही आकारणी अधिकाऱ्याकडे दुरुस्तीची विनंती पाठवण्याचा पर्याय घेतला. सोबत एक पानी गणना, अधिसूचना आणि कंपनीचं प्रमाणपत्र. अर्ज आल्याच्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत त्यावर निर्णय द्यावा असं कायदा सांगतो. उत्तर आलं नाही तर ई-निवारणवर तक्रार नोंदवताना ही मुदत आणि अर्जाचा क्रमांक दोन्ही लिहा.

सहावं काम: अपील, फॉर्म ३५

नाव ऐकून लोक घाबरतात. पगारदार माणसाचं साधं अपील घरी बसून ऑनलाइन भरता येतं. उत्पन्न २ लाखांच्या वर असेल तर फी १,००० रुपये, १ ते २ लाखांत ५००, त्याखाली २५०. फी ई-पे टॅक्सवरून आधी भरा, चलनाचे तपशील फॉर्ममध्ये लागतात. स्वतः रिटर्नमध्ये कबूल केलेला कर भरलेला असला पाहिजे, नाहीतर अपील दाखलच होत नाही.

फॉर्ममध्ये घटना लिहायला १,००० शब्द आणि प्रत्येक आक्षेपाला १०० शब्दांची मर्यादा आहे. घटना तारखेच्या क्रमानं लिहा, विशेषणं नकोत. आम्ही दोनच आक्षेप घेतले. पहिला, अधिसूचनेनं मर्यादा २५ लाख असताना ३ लाख धरली आणि त्यामुळे १२,८०,००० पर्यंतची माफी चुकीनं नाकारली. दुसरा, नोटीस बंद पडलेल्या ईमेलवर गेल्यानं बाजू मांडता आली नाही. ४८,००० करपात्र असल्याचं आम्ही घटनांतच मान्य केलं.

रिटर्नमध्ये एखादी माफी मागायचीच राहून गेली असेल तरी अपिलाचं दार बंद नाही. आकारणी अधिकारी सुधारित रिटर्नशिवाय नवी मागणी ऐकू शकत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये गोएट्झे इंडियाच्या खटल्यात म्हटलं, पण अपिली अधिकाऱ्यांवर ते बंधन नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये पृथ्वी ब्रोकर्सच्या निकालात हेच स्पष्ट केलं. महाराष्ट्र-गोव्यातल्या करदात्यांनी हा निकाल आक्षेपात जरूर नमूद करावा.

३० दिवस उलटून गेले असतील तर विलंब माफीचा अर्ज त्याच फॉर्मसोबत द्या. कारण खरं आणि कागदानं दाखवता येईल असं हवं: इस्पितळातली तारीख, बंद ईमेलचं कंपनीचं पत्र, सुनेच्या मोबाइलवर गेलेला संदेश. "माहीत नव्हतं" एवढंच लिहू नका.

अपिलाला वेळ लागतो. नोटिसा पोर्टलवर येत राहतात, त्यातली एकही उत्तराविना सोडू नका. लेखी म्हणणं पुरेसं वाटत नसेल तर व्हिडिओवरची सुनावणी मागता येते. तिथेही हरलात तर प्राप्तिकर अपिली न्यायाधिकरण आहे, त्याची पीठं मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजीत आहेत. तिथे मात्र जाणकार सीए किंवा वकील सोबत घ्या.

डिमांड निघाली असेल तर

दाजींची डिमांड नव्हती, पण तुमची असेल तर गप्प बसू नका. 'आउटस्टँडिंग डिमांड' मध्ये जाऊन असहमती नोंदवा आणि अपिलाचा किंवा दुरुस्ती अर्जाचा क्रमांक द्या. ३० दिवसांनंतर न भरलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का व्याज चढतं, आणि पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून ती वळती करून घेतली जाऊ शकते. अपील केल्यावर आकारणी अधिकाऱ्याकडे कलम २२०(६) खाली स्थगिती मागा. साधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरल्यावर बाकीची वसुली थांबवतात. मानलेला भाग, आमच्यासारखा ४८,००० वरचा कर, लगेच भरून मोकळं व्हावं.

थकबाकी आणि फॉर्म १०ई

निवृत्तीनंतर वेतन आयोगाची थकबाकी हप्त्याहप्त्यानं येते, ती एका वर्षात पडून कर वाढतो. कलम ८९ ची सवलत त्यासाठीच आहे, पण फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरावा लागतो. न भरल्यामुळे सवलत नाकारल्याची इंटिमेशनं मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. विसरलात तर आधी फॉर्म भरा, मग दुरुस्ती अर्ज करा, आणि नकार येण्याची वाट न बघता मुदतीत अपील ठेवा.

रिटर्नच भरायचं राहिलं आणि टीडीएस अडकला असेल तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफी मागता येते. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानं त्यासाठी आकारणी वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या पुढच्या आर्थिक वर्षाच्या, अखेरीपासून पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. नवा आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे. आधीच्या वर्षांच्या वादाला १९६१ चाच कायदा आणि हीच कलमं लागतात.

आम्ही ८ जानेवारीला, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी, अपील दाखल केलं. दुरुस्तीची विनंती कंपनीचं प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याच आठवड्यात गेली. जुलैत अधिकाऱ्यानं १२,८०,००० ची माफी मान्य करणारा आदेश काढला आणि आम्ही अपील मागे घेतलं. तरी रिफंड तीन आठवडे आला नाही. शोधल्यावर कळलं की पोर्टलवर दाजींचं जुनं पगाराचं खातं होतं आणि ते त्यांनी निवृत्तीनंतर बंद केलं होतं. पेन्शनचं खातं जोडून, ते पडताळून, रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती केली. तुमच्या पोर्टलवर कोणतं खातं जोडलंय, ते ईमेल बघताना त्याच बैठकीत बघून घ्या.